मदत हवी आहे: इंटर्न डॉक्टर, नर्सिंग, फार्मसीच्या पोरांना एकत्र कसं शिकवायचं?

खानापूरकडं एका हॉस्पिटलात नर्सिंग शिकवते. डिस्चार्जच्या वेळी पेशंटला डॉक्टर एक सांगतात, सिस्टर दुसरं, औषधाच्या खिडकीवर तिसरंच, म्हणून तिन्ही कोर्सची पोरं एकत्र बसवायला सुरुवात केलीय. लेक्चर घेऊन बघितलं, इंटर्नच बोलत राहतात. मग एसबार शिकवलं, म्हणजे परिस्थिती, पार्श्वभूमी, अंदाज, शिफारस या क्रमानं पेशंटबद्दल सांगायचं, पण शिफारशीपाशी आलं की आमच्या मुली "सर तुम्हीच सांगा" म्हणून मोकळ्या! सिम्युलेशन लॅब (खोट्या पेशंटवर सराव करायची खोली) नाही, ड्युटी बदलताना अर्धा तास मिळतो, निम्मी पोरं कन्नडवाली (ते निभावतंय). परवानगी आहे, पैसे नाहीत. इन्सुलिनवरच्या पेशंटची केस कशी रचू की नर्स आणि फार्मसीवाल्यानं तोंड उघडल्याशिवाय पुढं सरकणारच नाही, आणि ती चालवायची कुणी, डॉक्टरनं का सिस्टरनं?