ह्यूम यांची काँग्रेसपूर्वीची नोकरी
ब्रिटिश अधिकारी अ‍ॅलन ह्यूम यांची ओळख बहुधा केवळ काँग्रेसचे संस्थापक एवढीच करून दिली जाते. त्याआधीची तीसेक वर्षांची सनदी नोकरी विसरू नये. १८४९ मध्ये ते बंगाल सिव्हिल सर्व्हिसमध्ये आले. आजच्या उत्तर प्रदेशातल्या इटाव्याला कलेक्टर असताना त्यांनी मोफत शाळा काढल्या, दारूच्या महसुलाला उघड विरोध केला. सरकारी तिजोरी त्यावर पोसली जात असताना हे बोलणं सोपं नव्हतं; मला त्यांचं मोठेपण इथेच दिसतं. पुढे महसूल-शेती खात्याचे सचिव झाले, पण वरिष्ठांना खडे बोल सुनावणं थांबलं नाही. १८७९ मध्ये पद गेलं, अलाहाबादला रवानगी झाली. १८८२ मध्ये निवृत्ती. ते पक्ष्यांचे अभ्यासकही होते; पक्ष्यांवरची त्यांची कित्येक वर्षांची हस्तलिखितं सिमल्याच्या घरातून नोकराने रद्दीत विकली. त्यानंतर पक्ष्यांचा अफाट संग्रहही त्यांनी लंडनच्या संग्रहालयाला देऊन टाकला.