शब्दचर्चा: 'रात्री मला दाबलं'. पण कुणी?

झोपेच्या तक्रारींवरच्या एका माहितीपत्रकाचं मराठी करतेय. मूळ शब्द 'स्लीप पॅरॅलिसिस'. संपादकांनी 'निद्रापक्षाघात' सुचवलाय. मला तो पटत नाही, पण त्याहून बरं काही सुचतही नाही.

अनुभव माझ्या घरचाच आहे. पहाटे जाग आली. पंख्याची घरघर ऐकू येत होती, कपाटावरची बॅग दिसत होती, पण हाक मारायला गेले तर तोंडच उघडेना. दारात कुणीतरी उभं होतं. मग ते छातीवर आलं. मिनिटभर असेल, जास्त नाही. शेवटी करंगळी हलली आणि सगळं एकदम सुटलं. सकाळी मावशीला सांगितलं तर भाजी निवडता निवडता म्हणाली, "दाबलं होय तुला? उताणी झोपली असशील."

तर 'दाबणं', 'दडपणं' हेच याचं मराठी नाव धरावं का? तुमच्याकडे काय म्हणतात?

प्रतिसाद

आमच्या घरी 'छातीवर बसलं' म्हणायचे. उशाखाली अडकित्ता ठेवायचा नि मारुतीस्तोत्र म्हणून झोपायचं. छातीवर हात ठेवून झोपलं की मोठी माणसं हात खाली काढून ठेवायची, ते वेगळंच. 'चावळणं' मात्र हे नव्हे. चावळणाऱ्याची बडबड सगळ्या घराला ऐकू जाते, त्याला स्वतःला पत्ता नसतो. इथे बरोबर उलटं.

प्रतिसाद

'पक्षाघात' नकोच. पक्ष म्हणजे बाजू. एक बाजू लुळी पडते तो पक्षाघात, अर्धांगवायू. इथे डावं-उजवं काही नाही. शिवाय पत्रकात तो शब्द वाचून माणूस दुसऱ्या दिवशी मेंदूचा स्कॅन करायला धावेल. मूळ इंग्रजी शब्दातही हीच गोची आहे. किनियर विल्सन या ब्रिटिश मज्जाविकारतज्ज्ञानं १९२८ मध्ये तो वापरला आणि तोच रुळला.

होतं काय, तर स्वप्नं प्रामुख्यानं ज्या झोपेत पडतात त्या रेम झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू सैल सोडून देतो, म्हणजे स्वप्नात पळणारा माणूस खरोखर पलंगावरून उठून पळत नाही. कधीकधी जाग येते, पण ही सैल सोडलेली अवस्था काही सेकंद ते दोन-चार मिनिटं मागे रेंगाळते. स्वप्नही पुरतं संपलेलं नसतं, ते उघड्या डोळ्यांसमोरच्या खोलीत शिरतं. कपाट खरं, दारातला माणूस स्वप्नातला. छातीवरच्या वजनालाही कारण आहे: श्वासपटल आपलं काम करत असतं, पण फासळ्यांमधले स्नायू सैल असतात. जोरात श्वास घ्यायला जावं तर छाती साथ देत नाही, म्हणून कुणी बसल्यासारखं वाटतं. श्वास बंद पडत नाही.

म्हणून 'स्तंभ', 'ताठणं', 'आखडणं' हेही चूक. अंग ताठत नाही, गळतं. 'बधिर'ही नाही, कारण चादरीचा स्पर्श कळत असतो.

जाता जाता: उताणं झोपल्यावर हे जास्त होतं, हे अभ्यासांतही आढळलंय. मावशींचं निदान बरोबर होतं.

प्रतिसाद

'निद्राजडत्व' कसं वाटतं?

प्रतिसाद

ते आधीच घेतलेलं आहे हो. उठल्यावर अर्धा तास डोकं चालत नाही, चहा लागतो, त्याला म्हणतात.

प्रतिसाद

मला 'दाबलं' या क्रियापदाबद्दलच बोलायचंय. 'मला दाबलं' हा भावे प्रयोग. कर्ता बोलून दाखवला नाही तरी 'कुणीतरी' तिथे असतोच. मग ऐकणारा विचारणार, "कुणी?" ती जागा रिकामी राहत नाही, मुंजा, खवीस, आडावरची बाई, ज्याच्या गावात जे असेल ते तिथे जाऊन बसतं. मी तर म्हणेन, निम्मं भूत व्याकरणानंच आणलंय.

आपल्याकडेच असं नाही. तुर्की 'काराबासान' म्हणजे काळा दाबणारा. चिनी लोक 'भूत पलंग दाबतं' अशा अर्थाचा शब्द वापरतात. इंग्रजी 'नाइटमेअर'मधली 'मेअर' घोडी नव्हे, झोपलेल्याच्या छातीवर बसणारी जुनी बया आहे (भाषांतरात तिला घोडी करू नका, मी केलेली पाहिली आहे). जपानी मात्र 'कानाशिबारी' म्हणतात: धातूनं जखडणं. बांधणारा कोण, ते शब्दात नाही. तिकडेही भुतांच्या गोष्टी आहेतच, पण निदान शब्द तरी कुणाचं नाव घेत नाही.

आता 'मला दाबलं'ऐवजी 'दडपल्यासारखं झालं' म्हणून बघा. कर्ता गेला.

प्रतिसाद

कर्ता गेला, पण 'दडपण' म्हटलं की परीक्षेचं नाहीतर साहेबाचं आठवतं. 'जखडणं' म्हणावं तर पाठ जखडते. रात्रपाळीच्या दिवसांत मला हे महिन्यातून दोन-तीनदा व्हायचं. मी आईला सांगायचो, "मला जाग आली, पण अंगाला आली नाही." तिला लगेच कळायचं.

प्रतिसाद (धागाकर्ती)

'अंगाला जाग न येणं'! कर्ता नाही, लकवा नाही, भूत नाही, आणि वरती जे रेम झोपेचं सांगितलंय तेही अचूक येतं. पत्रकाचा मथळा 'जाग आली, अंगाला नाही' असा करते. 'निद्रापक्षाघात' एकदाच कंसात देईन, कारण डॉक्टरांच्या कागदावर कुणाला तोच दिसला तर जुळवता यावं. आकडाही घालते. २०११च्या एका आढाव्यात ३५ अभ्यास एकत्र केले होते, साधारण ७.६ टक्के लोकांना आयुष्यात एकदा तरी हे झालेलं, विद्यार्थ्यांत २८ टक्क्यांच्या वर. त्याखाली नेहमीचं: जागरणं कमी, कुशीवर झोपा, त्या क्षणी करंगळी किंवा पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करा, आणि दिवसाही अनावर झोप येत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

मावशीला मथळा वाचून दाखवला. म्हणाली, "छान आहे. पण दाबलं कुणी, ते लिहिलं नाहीस."