‘देवावर हवाला ठेवणे’ म्हणजे नेमकं काय?

विचारणा

मी जिथे काम करते तिथल्या हिशेबात एक नोंद खोटी आहे हे माझ्या लक्षात आलं आणि मी ते लेखी कळवलं. तेव्हापासून माझ्याशी कुणी धड बोलत नाही. माझ्याविरुद्ध उलट तक्रार तयार होते आहे, असंही कानावर आलं. मावशीला सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “देवावर हवाला ठेव.” धीर यावा म्हणून म्हणाली हे कळत होतं, पण मी खट्टू झाले. मला ते ‘आता सोडून दे’ असं ऐकू आलं. ती ‘भरवसा ठेव’ म्हणाली असती तर वेगळं वाटलं असतं का? या शब्दांत खरोखर फरक आहे की माझ्याच मनाची ही अवस्था आहे?

उत्तर

फरक आहे, आणि चांगला खोल आहे.

‘हवाला’ अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आला. मूळ कल्पना एका हातातलं दुसऱ्या हातात जाण्याची. ‘हवाली करणे’ त्यातलंच, ‘हवालदार’ही त्यातलाच. शिवकाळात किल्ल्यावर हवालदार, सबनीस, कारखानीस असे अधिकारी असत. त्यांतला हवालदार म्हणजे ज्याच्या ताब्यात किल्ला दिला आहे तो. तेव्हा देवावर हवाला ठेवणं म्हणजे एखादी बाब त्याच्या ताब्यात देणं. कोणती बाब, हे मात्र वाक्प्रचार सांगत नाही. प्रयत्न त्याच्या ताब्यात द्यायचा की परिणाम? तुम्ही एक ऐकलंत, मावशी कदाचित दुसरं म्हणत असेल.

‘भरवसा’ शब्दात असा ताबा बदलत नाही. काम माझ्याच हातात राहतं, फक्त कुणीतरी ऐन वेळी उभं राहील ही खात्री असते. आणि ‘विश्वास’ याहून वेगळा. त्यात ‘श्वस्’ हा श्वास घेण्याचा धातू आहे, ‘आश्वासन’ शब्दातही तोच. छातीवरची धास्ती उतरून श्वास मोकळा होणं, हे विश्वासाचं शारीरिक रूप म्हणता येईल. मला हा शब्द त्यामुळे फार जवळचा वाटतो. संकटात माणसाचा पहिला अडतो तो श्वास.

आणखी एक उत्तर

यात ‘पाठीराखा’ घेतल्याशिवाय चर्चा पुरी होणार नाही. देवाला आपण पाठीराखा म्हणतो. शब्द उघडून बघा: पाठ राखणारा. तोंड राखणारा नव्हे. माणसाला स्वतःची पाठ दिसत नाही, घाव तिथेच घातला जातो, म्हणून तिथे कुणीतरी हवं. समोरच्याकडे मात्र तोंड करून आपणच उभं राहायचं आहे. पाठीराखा आहे म्हणून पळ काढला, असा प्रयोग मराठीत होऊच शकत नाही.

मनाच्या श्लोकांतली ओळ सगळ्यांना पाठ असते: “समर्थाचिया सेवका वक्र पाहे। असा सर्व भूमंडळी कोण आहे॥” ‘वक्र पाहे’ म्हणजे वाकड्या नजरेने पाहणं. याच श्लोकाच्या शेवटी “नुपेक्षी कदा राम दासाभिमानी” आहे. ‘नुपेक्षी’ म्हणजे न उपेक्षी, दुर्लक्ष करत नाही. ‘दासाभिमानी’तला अभिमान आजच्या अर्थाने गर्व नव्हे, दासाला आपला मानणारा, त्याची बाजू स्वतःची समजणारा. आणि ओळीत ‘सेवका’ शब्द आहे हे विसरू नये. सेवक म्हणजे कामावर हजर असलेला.

पहिल्या उत्तराला हरकत

व्युत्पत्ती मान्य, पण शब्दाचा अर्थ व्युत्पत्तीत नसतो, वापरात असतो. आज ‘देवावर हवाला ठेवून बसला’ असं आपण कुणाबद्दल म्हणतो? ज्याने हातपाय हलवणं सोडलं त्याच्याबद्दल. ‘बसला’ हे क्रियापद या वाक्प्रचाराला चिकटलेलं आहे. विचारणाऱ्या ताईंना जे ऐकू आलं ते चूक नव्हतं. सल्ला म्हणून मी हा वाक्प्रचार टाळीन.

पहिला उत्तरकर्ता पुन्हा

‘बसला’बद्दलची हरकत रास्त आहे, मान्य करतो. पण टाळावा असं नाही वाटत. विरोधात सापडलेल्या माणसाला एक गोष्ट खरोखर सोडून द्यावी लागते: लोक उद्या काय करतील याची मोजदाद. तिच्यासाठी ‘हवाला’इतका नेमका शब्द दुसरा नाही.

आणि दुसऱ्या टोकाला ‘अंत पाहणे’ आहे. आपण म्हणतो, ‘देव माझा अंत पाहतोय’, म्हणजे सहनशक्तीची कसोटी घेतोय. तुकोबांनी हाच प्रयोग उलटा करून ठेवला आहे. अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या आणि ते तेरा दिवस अन्नपाण्याविना बसून राहिले, ही हकीकत ठाऊक असेलच. “तेरा दिवस जाले निश्चक्र करितां” असं त्यांनी स्वतःच म्हटलं आहे. निश्चक्र म्हणजे कडकडीत उपास. पुढे वह्या वर आल्यावर आनंद करायचा सोडून ते म्हणतात, “थोर अन्याय केला। तुझा अंत म्यां पाहिला।” आणि कारणही सांगतात, “जनाचिया बोलासाठी चित्त क्षोभविलें”. लोकांच्या बोलण्यासाठी मी तुला वेठीला धरलं, याची ही बोच आहे. छळ झालेला माणूस सुटका झाल्यावर देवाची क्षमा मागतो, ही जागा वाचताना मी दर वेळी थांबतो. हवाला ठेवणं आणि अंत पाहणं यांतलं अंतर इथे डोळ्यांना दिसतं: ताबा दिला होता, पण त्याच्या हाताकडे टक लावून बसलो होतो.

एक भर

‘वकील’ हा शब्दही या घरातला आहे. अरबीत ‘तवक्कुल’ म्हणजे ईश्वरावर भार सोपवणं, आणि ‘वकील’ त्याच धातूपासून. कुराणाच्या तिसऱ्या सूरेत प्रसंग असा आहे की लोक येऊन सांगतात, तुमच्याविरुद्ध माणसं जमली आहेत, त्यांना भ्या. त्यावर श्रद्धावंत म्हणतात, आम्हाला अल्लाह पुरेसा आहे, तो उत्तम वकील आहे. मराठी कानाला हे ऐकून लगेच कोर्ट दिसतं, आणि ते अगदीच गैरलागू नाही. वकीलपत्र दिलं तरी खरी हकीकत आपल्यालाच सांगावी लागते.

आणखी एक भर

बायबलमधली दोन माणसं शेजारी ठेवून बघा. एज्रा हा यहुदी शास्त्री पर्शियाच्या राजाच्या परवानगीने मोठा जमाव घेऊन यरुशलेमला निघाला. वाटेत शत्रूंचं भय होतं, तरी राजाकडे स्वार मागायची त्याला लाज वाटली, कारण ‘देवाचा हात आमच्यावर आहे’ असं तो राजाला आधीच सांगून बसला होता. त्याने उपास केला आणि तसाच गेला. यरुशलेमचा पडका कोट पुन्हा बांधायला आलेला नहेम्या मात्र राजाचे स्वार सोबत घेऊन आला. कोट बांधताना सनबल्लट, तोबीया हे विरोधक आणि त्यांचे साथीदार चाल करून येणार असं कळलं तेव्हा त्याने प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही बसवला. लोक एका हाताने काम करत आणि दुसऱ्या हातात शस्त्र धरत. ‘आमचा देव आमच्यासाठी लढेल’ असं तो त्याच लोकांना सांगत होता. कोट 52 दिवसांत पुरा झाला.

दोघांच्याही वागण्याला मी ‘भरवसा’ म्हणेन. स्वार मागितले नाहीत म्हणून एज्राचा भरवसा मोठा आणि पहारा बसवला म्हणून नहेम्याचा उणा, असं मला म्हणवत नाही.

विचारणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘कोणती बाब त्याच्या ताब्यात’ हा प्रश्न मनात धरून आज मावशीला फोन केला. सरळ विचारलं, तू मला तक्रार मागे घे म्हणत होतीस का? ती गप्प झाली, मग म्हणाली, “अगं, मागे घे कुठं म्हटलं मी? तू कागद दिलास, तुझं काम झालं. आता रात्री जागून ते काय करतील याचा हिशेब मांडत बसतेस, तेवढं त्याच्यावर सोड म्हटलं.”

सोमवारी मला चौकशीला बोलावलं आहे. कागद लावून ठेवले आहेत.