नाशिकमधून अकॅडेमिक गॅस्ट्रोएंटेरॉलॉजी: विषय कसा आणि कधी ठरवायचा?

गोदाकाठ: नमस्कार. नाशिकला एमडी मेडिसिनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नीट-एसएस (सुपरस्पेशालिटीची प्रवेशपरीक्षा) देऊन डीएम गॅस्ट्रो (पोट, आतडी, लिव्हरची सुपरस्पेशालिटी पदवी) करायचं आणि शिकवण्याच्याच लाइनला राहायचं, असं डोक्यात आहे. टप्पे कसे पडतात? लिव्हर, आयबीडी (आतड्याची दीर्घकाळची सूज) की ईआरसीपी (दुर्बिणीतून पित्तनलिकेवरचे उपचार), हे कधी ठरवावं? आणि इथे राहून आत्तापासून काय करता येईल?

म्हसरूळकर: टप्पे सरळ आहेत. डीएम ३ वर्षं, डीआरएनबीही (नॅशनल बोर्डाची समकक्ष पदवी) तेवढीच. मग असिस्टंट, असोसिएट, प्रोफेसर. बढतीला अनुभवाइतकेच पेपर लागतात, आणि लेखकांच्या यादीत तुमचं नाव कितवं आहे तेही बघतात. बीसीबीआर हा संशोधनाचा ऑनलाइन कोर्स एमडीतच उरकून टाका.

विषयाचं म्हणाल तर ईआरसीपी हे हातातलं कौशल्य आहे, ते डीएममध्ये येईल. पेपर उभा राहतो तो रोज येणाऱ्या पेशंटवर. आपल्याकडे आतड्याचा टीबी की क्रोन्स (आयबीडीचाच एक प्रकार), हा प्रश्न अजून रोज छळतो. दोन्हीत आयलिओसीकल भागात (लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथे) अल्सर, वजन घटणं, पोटदुखी. केसिएटिंग ग्रॅन्युलोमा (मध्ये चीजसारखा मृत भाग असलेली पेशींची गाठ) सापडला तर टीबी पक्का, पण बऱ्याच बायोप्सीत तो सापडतच नाही. अशा वेळी टीबीची औषधं सुरू करून दोन महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी करतात. टीबीत अल्सर भरत आलेले दिसतात. क्रोन्समध्ये पेशंट ‘बरं वाटतंय’ म्हणतो, तरी अल्सर तसेच असतात. म्हणून नुसत्या तक्रारींवर निकाल लावू नये.

घोळ होतो तो स्कोपच्या (दुर्बिणीच्या) खोलीत. बायोप्सीचे सगळे तुकडे सवयीने फॉर्मॅलिनमध्ये टाकले की कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) संपलं. अल्सरच्या कडेचे आणि तळाचे मिळून ८ तरी तुकडे घ्या, त्यातले काही सलाइनमध्ये, कल्चर आणि जीनएक्स्पर्टसाठी (टीबीच्या जंतूचं डीएनए शोधणारी तपासणी). बाटलीवर लेबल आधी, तुकडा नंतर. आणि एक: स्ट्रिक्चर (आतडं अरुंद होणं) टीबी बरा झाल्यावरही राहू शकतं. ते दिसलं म्हणून औषध लागू पडलं नाही असं लिहू नका.

पित्तप्रकृती: म्हसरूळकर सरांशी बहुतांशी सहमत. पण एमडीच्या रेसिडेंटला स्कोप कोण देणार? त्याच्या हातात मेडिसिनची ओपीडी आहे, म्हणजे डायबेटिस आणि फॅटी लिव्हर. तिथे फिब-४ (लिव्हरच्या फायब्रोसिसचा, म्हणजे व्रण पडून कडक होण्याचा, अंदाज देणारा आकडा; एएसटी-एएलटी ही रक्तातली लिव्हरची एन्झाइम्स) फुकट निघतो: वय गुणिले एएसटी, भागिले प्लेटलेट गुणिले एएलटीचं वर्गमूळ. वय ५०, एएसटी ६०, एएलटी ६४, प्लेटलेट दीड लाख (सूत्रात १५०) असेल तर ३००० भागिले १२००, म्हणजे २.५. १.३ च्या खाली सहसा निश्चिंत, २.६७ च्या वर फायब्रोसिसची दाट शंका, मधल्यांना फायब्रोस्कॅन (लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी). पासष्टीपुढे खालची मर्यादा २ धरा, नाहीतर प्रत्येक आजोबा संशयित ठरतात.

फायब्रोस्कॅनआधी ३ तास पोट रिकामं हवं. नाश्त्याला मिसळ चापून आलेल्याचा आकडा विनाकारण वर जातो. दहा रीडिंग, आणि आयक्यूआर (रीडिंगमधली तफावत) मीडियनच्या (मधल्या रीडिंगच्या) ३० टक्क्यांच्या आत.

म्हसरूळकर: मान्य, सुरुवात फॅटी लिव्हरने सोपी. मात्र एथिक्स कमिटीची परवानगी आधी, जुन्या केसपेपरवरच्या अभ्यासालाही. औषधाची ट्रायल असेल तर पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआय (देशातल्या ट्रायल्सची सरकारी नोंदवही) नोंदणी; १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी होत नाही.

इथली खरी अडचण फॉलोअपची. पेठ-सुरगाण्याचा पेशंट छाटणीच्या हंगामात दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर कामाला असतो, दिलेल्या तारखेला येत नाही. दोन मोबाइल नंबर घ्या, एक घरचा, एक मुकादमाचा, आणि पेशंटला विचारूनच घ्या. मुकादमाला फोन लावाल तेव्हा आजाराचं नाव काढायचं नाही. तारीख देताना कामाचा हंगाम विचारा.

गोदाकाठ: आभार. टीबीच्या औषधांबरोबर बाहेरून स्टिरॉइडही सुरू झालेला पेशंट आला तर अभ्यासाच्या रजिस्टरमध्ये घ्यायचा का?

म्हसरूळकर: नोंद करा, पण वेगळ्या रकान्यात: स्टिरॉइड कुठलं, डोस, सुरू केल्याची तारीख. स्टिरॉइडने क्रोन्सही शांत होतो, त्यामुळे फरक कशाने पडला ते सांगता येत नाही. औषधांना प्रतिसाद मोजायच्या गटात तो पेशंट धरू नका. अचानक बंद मात्र करू नका, किती दिवस चालू आहे ते बघून युनिटच्या सरांना विचारून कमी करा.