ओबीडी पोर्टला मोबाइल जोडून गाडीच्या नोंदी ठेवणं : कामाचं की पोरखेळ?

चाळीसगावकर :

आपल्याकडे एक वाक्य सारखं कानावर येतं. "ओबीडीला मोबाइल जोडणं हा पोरखेळ आहे, वर गाडीचं वायरिंग बिघडतं." मला हे अजिबात पटत नाही. माझी बाजू मांडतो, ज्यांना पटणार नाही त्यांनी मोकळेपणाने लिहा.

ओबीडी म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड स्वतःच ओळखायची सोय. तिच्यासाठी स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचं सॉकेट असतं. अमेरिकेत ते १९९६ पासून सक्तीचं झालं, आपल्याकडे चारचाकींना ओबीडी-२ आलं २०१३ मध्ये. धूर आणि प्रदूषणाशी संबंधित बिघाड पकडायचे हा त्याचा मूळ हेतू. पण त्याच वाटेने इंजिनाचे आरपीएम, कूलंटचं तापमान, आत जाणाऱ्या हवेचं तापमान, मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीचा) दाब, इंजिनावरचा लोड हे सगळं मिळतं. ब्लूटूथ अडॅप्टर आणि टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं अॅप, एवढंच लागतं.

मी ज्यासाठी वापरतो ते सांगतो. मे महिन्यात, भर दुपारी, चार माणसं आणि एसी चालू ठेवून कन्नड घाट चढायचा. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मधोमध. बहुतेक नव्या गाड्यांत हा काटा मुद्दाम तसा बसवलेला असतो, कूलंट ८० अंशांवर असो की १०० वर, तो जागचा हलत नाही. लॉगमध्ये, म्हणजे अॅपने ठेवलेल्या नोंदीत, मात्र स्पष्ट दिसतं : पायथ्याला ८८, मधल्या वळणांवर ९६, वर पोचेपर्यंत १०३, आणि पंखा सुरू झाला की परत खाली. दर उन्हाळ्यात हीच चढण, हाच गिअर. एखाद्या वर्षी आकडा १०८ वर गेला, तर रेडिएटर किंवा पंख्याकडे बघायचं हे मला काटा हलायच्या आधी कळतं. जळगाव-भुसावळचा पारा ४५ ला टेकतो अशा मुलखात याला पोरखेळ कसं म्हणायचं?

गॅरेजवाला_धुळे :

भो, तुना मुद्दा बराबर शे, पन माझ्या दारात काय येतं तेही ऐका.

इंजिनाचा दिवा लागतो. मालक बाजारातून स्वस्तातलं अडॅप्टर आणतो, अॅपमध्ये बिघाडाचा कोड बघतो आणि लगेच 'क्लिअर' दाबतो. दिवा विझतो. थोड्या दिवसांनी गाडी झटके देते, मग माझ्याकडे. कोडसोबत ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरने, त्या क्षणाची नोंद जपलेली असते, म्हणजे बिघाड झाला तेव्हा आरपीएम किती, लोड किती, इंजिन गरम होतं की गार. तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. क्लिअर दाबलं की तीही पुसली जाते. मला जो धागा धरून शोधायचं होतं तोच गेला. मग सेन्सर तपासा, वायर तपासा, तासन् तास जातात आणि मजुरी वाढली म्हणून मालक माझ्यावरच नाराज.

दुसरं, ही अडॅप्टरं. त्यांच्या आतली मूळ ईएलएम ३२७ चिप कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची, ती कंपनी २०२२ मध्ये बंद झाली. बाजारात मिळतात त्या बहुतेक नकला. डब्यावर '१.५ आवृत्ती' लिहिलेलं असतं, अशी आवृत्ती मूळ कंपनीने कधी काढलीच नव्हती. काही नकला अर्ध्या आज्ञा समजूनच घेत नाहीत. आणि १६ नंबरच्या पिनेला बॅटरीचा थेट करंट असतो, चावी बंद केली तरी. अडॅप्टर तसंच लावून गाडी आठ-दहा दिवस उभी राहिली, बॅटरी आधीच जुनी असली, की सकाळी सेल्फ लागत नाही.

माझं मत सरळ आहे : ज्याला आकडा वाचता येत नाही त्याने आकडा काढू नये.

चाळीसगावकर :

क्लिअर बटणाबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पण दादा, ते कोड पुसणं झालं, नोंद ठेवणं वेगळं. लॉगिंगमध्ये अॅप ईसीयूला फक्त विचारतं, आरपीएम किती, तापमान किती, आणि उत्तर लिहून ठेवतं. ईसीयूमधलं काही बदलत नाही. पहिल्याचा दोष दुसऱ्याच्या माथी का मारता?

आणि "वाचता येत नाही त्याने काढू नये" हे मला खटकलं. वाचायला शिकणार कधी मग? पूर्वी मालक ऑइलची डिपस्टिक स्वतः बघायचा, कुणी त्याला अडवलं नाही.

जळगाव_टर्बो :

मी तर ०-१००, म्हणजे शून्यावरून शंभरचा वेग गाठायला लागणारा वेळ, मोजायला घेतलंय. बायपासवर पहाटे रस्ता मोकळा असतो. अॅप आपोआप वेळ धरतं, शिवाय हॉर्सपॉवरही दाखवतं. परफॉर्मन्स लॉगिंगचा खरा उपयोग हाच ना?

भुसावळ_डिझेल :

नाही भाऊ, आणि हे मी कळकळीने सांगतोय. पहाटेचा तो 'मोकळा' रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ५३. त्याच वेळेला केळीचे ट्रक निघतात, मागे लाल दिवा नसलेले ट्रॅक्टर असतात. तिथे हे करू नका.

आता आकड्याचं. ओबीडीतून वेग येतो तो पूर्ण किलोमीटरमध्येच, ५७ नंतर ५८, मधलं काही नाही. अॅप एकेक प्रश्न विचारतं, उत्तराची वाट बघतं, मग पुढचा. सहा-सात गोष्टी एकदम निवडल्या की प्रत्येकीची पाळी उशिरा येते. त्यामुळे ०-१०० च्या वेळेत दशांशाला काही अर्थ उरत नाही. आणि हॉर्सपॉवर? बरीच अॅप्स ती तुम्ही भरलेल्या गाडीच्या वजनावरून आणि वेग किती झपाट्याने वाढला यावरून काढतात. वजनात दोनशे किलोची चूक झाली की आकडाही चुकला. मोबाइल हातात धरून स्क्रीन बघत चालवलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली पहिल्याच वेळी १ हजार ते ५ हजारांपर्यंत दंड आहे, तो वेगळाच.

जळगाव_टर्बो :

मग उपयोग काय? थंडीत माझी गाडी जोरात पळते आणि एप्रिलपासून सुस्त वाटते. हे मोजायचं नाही तर काय मोजायचं?

भुसावळ_डिझेल :

हे मोजा, अवश्य मोजा! फक्त वेगाऐवजी आत जाणाऱ्या हवेचं तापमान आणि मॅनिफोल्डचा दाब नोंदवा. ४५ अंशांची हवा २० अंशांच्या हवेपेक्षा साधारण ८ टक्के विरळ असते. तेवढा ऑक्सिजन कमी मिळतो. म्हणजे सुस्ती बऱ्याच अंशी खानदेशच्या उन्हाची आहे. पण तापमान तेच असताना, त्याच चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये, पूर्ण रेस दिल्यावर दाब पूर्वी २३० किलोपास्कल यायचा आणि आता १८० वरच अडतो, तर इंटरकूलरचा (टर्बोकडून आलेली हवा गार करणाऱ्या भागाचा) पाइप किंवा क्लॅम्प तपासायला घ्या. एक लक्षात ठेवा, यात बाहेरच्या हवेचे जवळपास १०० किलोपास्कल धरलेले असतात. ते वजा केले की उरतो तो टर्बोचा बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला दाब.

गॅरेजवाला_धुळे :

हेच म्हणत होतो मी. परवा एक जण इंजिन बंद, चावी चालू अशा अवस्थेत ९७ बघून "टर्बो सतत प्रेशर देतोय" म्हणून भांडायला आला होता. तो हवेचा दाब होता.

रावेर_केळीपट्टा :

आमचा विषय थोडा वेगळा आहे. बीएस-६ डिझेल पिकअप, बागेतून सावदा स्टेशनपर्यंत आणि परत. अंतर कमी, वेग कमी, दिवसातून कितीदा तरी बंद-चालू. डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, काजळी साठते. ती जाळायला धुराड्यातलं तापमान ६०० अंशांच्या आसपास जावं लागतं आणि त्यासाठी गाडी सलग पळायला हवी. नेमकं जाळणं सुरू असताना ड्रायव्हरने इंजिन बंद केलं की काम अर्धवट. असं वारंवार झालं की दिवा, आणि मग मोठा खर्च.

आता अॅपमध्ये त्या मॉडेलचं प्रोफाइल टाकलंय. धुराड्याचं तापमान चढलेलं दिसलं की ड्रायव्हर बंद करत नाही, एक फेरी जास्त मारून येतो. पण सगळ्यांच्या गाडीत हे दिसेलच असं नाही, काजळीचा आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने देते.

अडचण दुसरीच आली. ड्रायव्हरला वाटलं, मालक माझ्यावर पाळत ठेवतोय. नोकरी सोडायच्या गोष्टी करू लागला. त्याचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. रेस किती दिली, कुठे थांबला, सगळं माझ्या हातात आलं तर त्याचा जीव गुदमरणारच. मग अॅप त्याच्याच मोबाइलमध्ये टाकलं आणि फक्त तापमान आणि काजळी एवढंच चालू ठेवलं. वेग आणि लोकेशन बंद. कुणी मालक सगळंच नोंदवत असेल तर त्याने ड्रायव्हरला आधी सांगावं, हे माझं ठाम मत.

पाचोरा_सीएनजी :

बाहेरून सीएनजी किट बसवलंय त्यांनी फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू इंधन किती टक्के कमी-जास्त करतंय तो आकडा, जरूर बघा. पेट्रोलवर ट्रिम शून्याच्या आसपास आणि गॅसवर गेलं की २० टक्क्यांच्या वर पळतं, याचा अर्थ किटचं ट्यूनिंग जमलेलं नाही. असं लॉग दाखवलं की किटवाल्याला "सगळं ओके आहे" म्हणता येत नाही.

गॅरेजवाला_धुळे :

हे मात्र मानलं. ट्रिमचा लॉग आणणारा गिऱ्हाइक मला परवडतो, माझा निम्मा वेळ वाचतो.

तरी माझा विरोध कायम आहे, पण कशाला ते नीट लिहितो. अडॅप्टर कायमचं लावून ठेवायला विरोध. कोड पुसायला विरोध. गाडी चालवणाऱ्यानेच स्क्रीन बघायला विरोध. चाळीसगावकर, तुमच्या घाटाच्या लॉगला विरोध नाही, पण तुमच्यासारखे चढण आणि गिअर तोच ठेवून नोंद करणारे किती आहेत? बाकीचे एका फेरीचा एक आकडा घेऊन येतात आणि तो बरोबर की चूक एवढंच विचारतात. मी काय सांगणार?

चाळीसगावकर :

त्यांना आधीच्या फेरीचा आकडा मागा. नसेल तर सांगा, आज पहिली नोंद झाली, पंधरा दिवसांनी त्याच रस्त्यावर दुसरी घेऊन या. फाइल सीएसव्हीमध्ये निघते, व्हॉट्सअॅपवर पाठवता येते. चारच गोष्टी निवडायला लावा : आरपीएम, कूलंट, आत जाणाऱ्या हवेचं तापमान, मॅनिफोल्डचा दाब. पेट्रोल-सीएनजीवाल्यांना ट्रिम वाढवून द्या. आणि अडॅप्टर काढून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवायचं, हे तुम्हीच सांगा. माझ्यापेक्षा तुमचं ऐकतील.