२७.५ प्लस हार्डटेल: मागे ३.० घालून फसलो, आता २.८ की २.६?

टेकडीवेडा
मंडळी, जरा मदत हवी आहे. सायकल २७.५ प्लस (२७.५ इंची चाकं, नेहमीपेक्षा जाड टायर) हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली), अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, दोन वर्षांपूर्वी जुनी घेतलेली. मागच्या चाकाला १४८ मिमीचा बूस्ट हब (चाकाचा मधला भाग, नेहमीपेक्षा रुंद), रिम आतून ३५ मिमी. वजन माझं ७८ किलो, पाठीवरची पाण्याची पिशवी वेगळी. घर कोथरूडला, त्यामुळे आठवड्यातून दोनदा वेताळ टेकडी आणि रविवारी जमलं तर मुळशीकडचे कच्चे रस्ते.

सायकलीबरोबर आलेले २.८चे (इंच रुंदीचे) टायर पार गुळगुळीत झाले होते. दुकानदार म्हणाला, "३.० घाला साहेब, गादीवर बसल्यासारखं वाटेल." घातले. उन्हाळाभर मजा आली, खोटं कशाला बोलू. टेकडीवर खाणीच्या बाजूला जो सुट्या मुरमाचा चढ आहे, तिथे पूर्वी मागचं चाक जागच्या जागी फिरायचं आणि मी उतरून ढकलायचो. ३.०वर बसूनच चढलो.

मग जूनमध्ये सासवडच्या बाजूला शेतातल्या वाटेला लागलो. काळी माती, आदल्या रात्री पाऊस झालेला. शंभर पावलंही गेलो नसेन, मागचं चाक फिरेना. टायर आणि चेनस्टे (मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या फ्रेमच्या खालच्या आडव्या नळ्या) यांच्यामध्ये माती ठासून बसली होती, वर त्यात बारीक खडे. काडीने उकरत बसलो होतो, एका आजोबांनी न बोलता विळा आणून दिला. घरी सायकल धुतली तर चेनस्टेच्या आतून, दोन्हीकडे, रुपयाएवढा रंग उडून अ‍ॅल्युमिनियम चकाकतंय.

तर २.८वर परत जाऊ की सरळ २.६ घेऊ? २.६च घ्यायचा तर मग प्लस सायकल कशाला घेतली, हा प्रश्न घरातून आधीच आलेला आहे.

घाटवळण
ओल्या काळ्या मातीत कुठलाच टायर चालत नाही राव. बैलगाडी अडकते तिथे तुमच्या सायकलीचं काय घेऊन बसलात! ३.०च ठेवा आणि जून ते सप्टेंबर सासवड बंद करा.

स्पॅनरनाना
घाटवळण, चिखलापुरतं मान्य. पण रंग नुसत्या चिखलाने गेलेला नाही, जागाच कमी आहे. टायरवर छापलेला आकडा विसरा. तोच टायर अरुंद रिमवर अरुंद भरतो आणि रुंद रिमवर रुंद. शिवाय नवा टायर हवा भरून आठवडाभर ठेवला की एक-दोन मिमी फुगतो. दुकानात चाक फिरवून बघता तेव्हा सगळं छान दिसतं. नंतर स्पोक थोडे सैल होतात, चाक मिलीमीटरभर डुलायला लागतं, चढावर उभं राहून पॅडल मारलं की आणखी वाकतं. उरलं काय?

माझ्याकडे सायकल आली की मी ६ नंबरची अ‍ॅलन की घेतो आणि टायरच्या दोन्ही बाजूंनी फिरवून बघतो. मोकळी गेली तर ठीक. अडली तर तो टायर त्या फ्रेमचा नाही, मग कॅटलॉग काही का म्हणेना. चेनस्टेबरोबर सीटस्टेच्या (सीटकडून मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या नळ्या) पुलाखालीही बघा, तिकडे कुणी बघत नाही.

रिम ३५ची आहे म्हणजे २.८ तिच्यावर अगदी नीट बसतो. २.६ही चालेल, थोडा चपटा दिसेल इतकंच. पण पुढे ३.० ठेवून मागे २.६ घातलात तर मागची बाजू साधारण १० मिमी खाली बसेल. हँडलखालच्या नळीचा कोन अर्धा अंश पडेल, बॉटम ब्रॅकेट (पॅडलचा आस बसतो ती जागा) ६ मिमी खाली येईल आणि टेकडीवरच्या दगडांना पॅडल आपटायला लागेल. मागे २.८ असेल तर हे सगळं निम्म्यावर येतं.

रंग उडालाय तिथे नख फिरवून बघा. नख अडकत नसेल तर घरातलं नेलपॉलिश लावा (विचारून), वर जाड पारदर्शक टेप. नख अडकलं तर फ्रेम कुणाला तरी प्रत्यक्ष दाखवा.

रानजाई
नानांचं बरोबरच आहे, पण हवेबद्दल कुणीच बोललं नाही. मी नाशिकची, वजन ५४, दोन्हीकडे २.८ ट्यूबलेस. पुढे ११, मागे १३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). दादा, तुम्ही ७८चे आहात, तर पुढे १४ आणि मागे १७ पासून सुरुवात करा. प्लस टायरला १ पीएसआय कमी-जास्त केलं तरी हाताला कळतं. जास्त भरली की सायकल चेंडूसारखी उडते. कमी भरली की वळणावर टायर खालून सरकल्यासारखा वाटतो आणि दगडावर रिम 'टण्' करते. आणि हो, उभ्या पंपाचा काटा १६० पर्यंतचा असतो, त्यावर १४ आणि १७ मधला फरक दिसतच नाही. कमी दाबाचा वेगळा गेज घ्या. टायरच्या मानाने किरकोळ खर्च आहे.

मी मागे एकदा पातळ साइडवॉलचा (टायरच्या कडेच्या भिंतीचा) हलका टायर घातला होता. काळ्या दगडाच्या धारेने कडेला बोटभर चीर गेली. सीलंट (ट्यूबलेस टायरमध्ये ओततात तो द्रव) बाभळीच्या काट्याचं भोक बुजवतं, चीर नाही. त्या दिवशी आठ किलोमीटर चालले. तेव्हापासून मागे जाड साइडवॉल, वजन वाढलं तर वाढू दे.

टेकडीवेडा
नाना, रानजाई ताई, आभार. काल व्हर्नियर घेऊन बसलो. टायर जिथे सर्वात रुंद आहे तिथे चेनस्टेमधलं अंतर ८२ मिमी, ३.० भरला ७४. म्हणजे दोन्हीकडे जेमतेम चार. ६ची अ‍ॅलन की कुठली जातेय, ४ची घासत गेली. जुना २.८ माळ्यावर होता, तो चढवून मोजला तर ७०. ६ची की गेली, घासली नाही. सीटस्टेच्या पुलाखाली मात्र भरपूर जागा आहे. नखही अडकलं नाही.

तेव्हा मागे २.८, जाड साइडवॉलचा. पुढच्या फोर्कमध्ये जागा आहे, म्हणून ३.० तिथे झिजेपर्यंत राहील. सासवडला आता दिवाळीनंतरच.

घाटवळण, तुमचं ऐकलं ते एवढंच. मागचा ३.० निम्म्याहून जास्त शिल्लक आहे, फ्रेममध्ये जागा असेल तर घेऊन जा. माती धुऊन देतो.

घाटवळण
पाठवा. अ‍ॅलन की आधी फिरवतो.