आलेखावरून अपूर्णांकातली उकल कशी वाचायची? मदत हवी आहे

भाचीला दहावीचं बीजगणित शिकवतोय. २क्ष + ३य = ७ आणि ४क्ष − य = ३ ही जोडी आलेखाने सोडवायची होती. पहिल्या रेषेसाठी (२, १), (−१, ३), (५, −१) आणि दुसरीसाठी (०, −३), (१, १), (२, ५) घेतले. दोन्ही रेषा सरळ आल्या. पण छेदनबिंदू चौकटीच्या मधेच! १ सेंमी = १ एकक प्रमाणाने साधारण (१.१, १.६) वाचता येतं; लोपाच्या रीतीने मात्र क्ष = ८/७, य = ११/७ मिळतं.

अशा वेळी अंदाजे उत्तर चालतं का? की प्रमाण १ एकक = ७ छोटे चौकोन घ्यावं? पण उत्तर आधी माहीत असल्याशिवाय ७ सुचणार कसं, हा तिचा प्रश्न. पेपर तपासणाऱ्या शिक्षकांनी कृपया सांगा.